अकराशेच्या आत : प्रस्तावना

सिसितालिया हे नाव मोटारींच्या शौकिनांपलीकडे कुणाच्या कानावर गेलं असेल, तर ते न्यूयॉर्कमुळे. तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं. त्यात पिनिन फारिनाने अंग घडवलेली सिसितालिया २०२ होती. पुढे १९७२मध्ये संग्रहालयाने तशी एक गाडी कायमची आपल्याकडे ठेवून घेतली. आता मोटारींच्या डिझाइनवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक चाळा, तिचा फोटो सापडतोच. गाडी देखणी आहे, वाद नाही. पण तिच्या देखणेपणाखाली तिची थोरली बहीण पार झाकली गेली. नाव डी४६, बसायला एकच जागा, वर टप नाही, सिगारसारखं निमुळतं अंग आणि आत फियाटच्या घरगुती मोटारीचं ११०० सीसीचं इंजिन. ‘डी’ म्हणजे मालक दुसिओ आणि ४६ म्हणजे साल. या पुस्तकाची नायिका ती आहे.

पुढची प्रकरणं बरीच फिरतात. तुरिन, कैरो, ऑस्ट्रियातलं एक खेडं, ब्युनोस आयर्स. म्हणून मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. युद्धानंतरच्या इटलीतल्या या छोट्या शर्यती मोटारींबद्दल लिहिताना ‘हाती काही नसताना केवढं केलं’ असा सूर लावायची पद्धत आहे. मला तो पटत नाही. डी४६ जमली, कारण ती बनवणाऱ्या माणसाने काय बनवायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. त्याच कंपनीने हा नेम पुढे सोडला आणि तिथून तीन वर्षांच्या आत ती कोर्टाच्या दारात उभी राहिली. गाडी आणि दिवाळं, दोन्ही एकाच गोष्टीतून निघाले आहेत, असं मी मानतो.

पिएरो दुसिओ हा मूळचा मोटारवाला नव्हेच. १८९९चा जन्म, पीडमाँट प्रांतातल्या एका लहान गावातला. तरुणपणी युव्हेंटुसकडून फुटबॉल खेळला. खेळ सुटल्यावर कापडाच्या धंद्यात शिरला आणि तिथे त्याने अमाप पैसा केला. सैन्याला कापड आणि गणवेश पुरवणाऱ्यांना त्या काळात पैसा कमी पडत नव्हता. मग खेळाचं साहित्य, सायकली, असा पसारा वाढत गेला. युद्धाच्या काळात तो युव्हेंटुसचा अध्यक्षही झाला. ज्या मैदानावर घाम गाळला त्याच क्लबचं अध्यक्षपद मिरवायचं, यात त्याच्या स्वभावाचा बराचसा भाग आला. मोटारी तो स्वतः चालवायचा, आणि हौशी श्रीमंत चालवतात तशा नव्हे. १९३८च्या मिल्ले मिलियामध्ये तो तिसरा आला होता. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येण्याच्या त्या शर्यतीत तिसरं येणं नुसत्या पैशाने होत नाही.

१९४४ साली तुरिन जर्मनांच्या ताब्यात होतं आणि वरून दोस्तांचे बॉम्ब पडत होते. फियाटचे कारखाने त्यात सापडले होते. अशा वेळी दुसिओला वाटलं की युद्ध कधीतरी संपणार, संपलं की लोकांना पुन्हा शर्यती हव्या असणार, आणि तेव्हा ज्याच्याकडे तयार गाडी असेल तो पुढे जाणार. आशावाद म्हणा किंवा धंदेवाईक नाक म्हणा. त्याने गाठलं दान्ते जाकोसाला.

जाकोसा हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याची करामत आपल्यातल्या अनेकांच्या वापरात होती. फियाटचा तो मुख्य रचनाकारांपैकी एक. १९३६ची ५००, म्हणजे इटलीची लाडकी ‘टोपोलिनो’, त्याची. १९३७ची ५०८ सी, जिला सगळे ‘मिल्लेचेंतो’ म्हणजे अकराशे म्हणायचे, तीही त्याचीच. दिवसा फियाटची नोकरी आणि संध्याकाळी दुसिओच्या घरी ड्रॉइंग बोर्ड, असं काम सुरू झालं. रचना आकाराला आल्यावर १९४५मध्ये जाकोसा पूर्णपणे फियाटकडे वळला आणि काम जोव्हानी सावोनुत्सीकडे गेलं. हा फियाटच्याच विमानविभागातून आलेला इंजिनिअर. पण गाडीचा सांगाडा आणि त्यामागचा विचार जाकोसाचा होता, आणि इथून पुढे मी त्या विचाराबद्दलच बोलणार आहे.

शर्यतीची गाडी करायला घेतलेल्या माणसाला पहिला मोह कसला होतो? स्वतःचं इंजिन. दोन कॅमशाफ्ट, सुपरचार्जर, बारीक बारीक सिलिंडर, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असा आवाज. जाकोसाने यातलं काहीही केलं नाही. त्याने आपल्याच अकराशेचं इंजिन उचललं. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ सीसी. बिडाचा ब्लॉक, पुशरॉडने हलणारे व्हॉल्व्ह, क्रँकला तीन बेअरिंगांचा आधार. घरगुती मोटारीत हे इंजिन ३२ अश्वशक्ती द्यायचं. कॉम्प्रेशन वाढवून, श्वास मोकळा करून, कार्ब्युरेशन सुधारून ते साठच्या पुढे नेलं. सर्वांत महत्त्वाचा बदल तेलाचा होता. नेहमीच्या इंजिनात तेल खालच्या चेंबरमध्ये साठलेलं असतं. वळणावर गाडी जोरात घातली की ते सगळं एका बाजूला धावतं, पंप कोरडा पडतो आणि बेअरिंग जळतं. जाकोसाने चेंबर रिकामं ठेवलं, तेल वेगळ्या टाकीत नेलं आणि पंपाने फिरवत ठेवलं. याचा दुसरा फायदा असा की खालचं खोल चेंबर गेल्याने इंजिन जमिनीच्या अधिक जवळ बसवता आलं. एका निर्णयात दोन कामं झाली.

आता थोडं कुर्ल्याकडे यायला हवं, आणि ते ओढूनताणून नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली, म्हणजे जाकोसा तिकडे दुसिओच्या घरी रेघा ओढत होता त्याच वर्षी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. पन्नाशीच्या दशकापासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागल्या. मुंबईने जुन्या गोलमटोल मॉडेलला ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं, त्यानंतरची ११०० डी आली, आणि तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. या सगळ्यांच्या बॉनेटखाली ६८ गुणिले ७५चं, १०८९ सीसीचं, १९३७च्या त्याच घराण्यातलं इंजिन होतं. इटलीत फियाटने ११०० डीचं इंजिन मोठं केलं, आपल्याकडे मात्र १०८९च राहिलं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तोपर्यंत दादर-परळच्या कुठल्याही गॅरेजमध्ये टॅपेट सेट करणाऱ्या मिस्त्रीला हे इंजिन डोळे मिटून उघडता येत होतं. इटलीचा नामांकित शर्यतचालक नुव्होलारी याने शर्यतीत जे हाणलं, ते मुळात काळ्या-पिवळ्या टॅक्सीचंच इंजिन होतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होते, पण खोटं ठरत नाही. डी४६ समजून घ्यायला पद्मिनी चालवलेल्या माणसाला अर्धा धडा आधीच पाठ असतो. ते इंजिन चिवट आहे, खालच्या फेऱ्यांवर ओढतं, आणि फार फिरवलं की कुरकुरतं. तीन बेअरिंगांचा क्रँक किती फिरवायचा याला मर्यादा असतात. जाकोसाला त्या माहीत होत्या, कारण त्या त्यानेच घातल्या होत्या.

मग वेग आला कुठून? वजनातून. साधी अकराशे आठशे किलोंच्या पुढची होती. डी४६ चारशेच्या आत बसली. म्हणजे अश्वशक्ती दुप्पट आणि वजन निम्म्याहून कमी. प्रत्येक किलोमागे चौपट जोर. ताशी १७० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या गाडीसाठी इंजिनात चमत्कार करायची गरजच उरली नाही.

वजन उतरलं ते चासीमुळे. त्या काळी मोटारीची चासी म्हणजे दोन जाड लोखंडी लांबट दांड्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, शिडीसारखं. कडक हवी तर जाड करा, जाड केली की जड. जाकोसाने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या बारीक नळ्या घेतल्या आणि त्या त्रिकोणात जोडून पिंजरा केला. अशा रचनेत नळी वाकत नाही, ती फक्त ताणली जाते किंवा दाबली जाते, आणि त्यासाठी बारीक नळी पुरते. हा विचार विमानांत होता. पण शर्यतीच्या मोटारींत तो अशा रीतीने, एकाच नमुन्याच्या अनेक गाड्या करण्यासाठी वापरणारे हे पहिल्यांपैकी. आणि नळ्यांसाठी दूर जायचं नव्हतं, कारण दुसिओ सायकली बनवत होता. पातळ नळी न जाळता वेल्ड करणारे हात पगारावरच होते. पुढे १९५०च्या दशकात मर्सिडीज, लोटस अशा सगळ्यांनी हा रस्ता धरला आणि त्याला आधुनिक म्हटलं गेलं. डी४६चं नाव तेव्हा क्वचितच निघालं.

बाकीच्या गाडीत काटकसर तशीच. पुढचं सस्पेन्शन टोपोलिनोचं, आडव्या पाट्याचं. जे जे फियाटच्या गोदामातून येऊ शकत होतं ते तिथूनच आणलं. यातला व्यवहार बघा. पालेर्मोत शर्यतीआधी काही तुटलं, तर तो तुकडा पालेर्मोतल्या फियाटवाल्याकडे मिळणार. खास घडवलेल्या गाडीचा मालक त्याच जागी तुरिनला तार करून बसला असता.

एका बाबतीत मात्र जाकोसाने हौस केली, आणि ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. गिअर. लिव्हर वापरायचा तो पहिला गिअर किंवा रिव्हर्स टाकण्यापुरता. गाडी सुटली की हात परत स्टिअरिंगवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली अदलाबदल क्लचच्या पेडलने. म्हणजे शहरातल्या अरुंद सर्किटवर, जिथे वळणामागून वळण येतं, तिथे चालकाचे दोन्ही हात चाकावरच. कल्पना सुंदर आहे. नव्या चालकाला सवयीने क्लच दाबून नुसती गाडी मोकळी सोडायची असते, तेव्हा काय होत असेल, याची मात्र कल्पनाच करावी. पुढच्या रेसिंग गाड्यांनी हे उचललं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं.

सप्टेंबर १९४६. इटलीने जूनमध्ये सार्वमत घेऊन राजाला घरी पाठवलं होतं. प्रजासत्ताक तीन महिन्यांचं होतं. तुरिनच्या व्हालेंतिनो बागेत, पो नदीच्या काठी, शर्यती भरल्या होत्या. त्यातली लहान गाड्यांची शर्यत म्हणजे कोपा ब्रेझी. दुसिओने तिथे एकदम सात डी४६ उतरवल्या. चालक कोण? ताझिओ नुव्होलारी, मोनाकोचा लुई शिरोन, फ्रान्सचा रेमों सोमेर, मिल्ले मिलिया जिंकलेला क्लेमेन्ते बियोन्देत्ती, पिएरो तारुफी, फ्रांको कोर्तेझे आणि स्वतः मालक. युद्धापूर्वीच्या युरोपातली एवढी नावं एका नवख्या कंपनीच्या, एकसारख्या, कधी न पळालेल्या गाड्यांत बसली होती. तारुफी तर कंपनीचा परीक्षणचालकही होता.

नुव्होलारीबद्दल दोन शब्द हवेत. त्रेपन्न वर्षांचा. थोरला मुलगा १९३७मध्ये गेला होता, धाकटा याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, दोघेही अठराव्या वर्षी. फुप्फुसं आयुष्यभर धूर गिळून इतकी खराब झालेली की एक्झॉस्टचा वास त्याला सहन होत नव्हता. असा माणूस त्या दिवशी पुढे धावत असताना त्याच्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक निखळून हातात आलं. थांबायचं सोडून त्याने एका हाताने उघड्या दांड्यावर गाडी सांभाळली आणि दुसऱ्या हाताने ते चाक उंचावून पिटवाल्यांना दाखवत तो समोरून गेला. मग दुरुस्ती झाली, तो परत उतरला, पण शर्यत हातची गेलेली होती.

ही गोष्ट इटलीत लहान पोरांनाही ठाऊक असायची आणि ती नेहमी नुव्होलारीच्या बाजूने सांगितली जाते. मला ती गाडीच्या बाजूनेही सांगायची आहे. पहिल्याच शर्यतीत, पेठेतल्या सर्वांत मोठ्या चालकाच्या हातात स्टिअरिंग निखळणं ही कुठल्याही कारखान्याची बदनामीच. घाई झाली होती, हे कुणालाही दिसलं असतं. आणि तरी त्याच दुपारी पहिले तीन क्रमांक डी४६चे लागले. दुसिओ, कोर्तेझे, शिरोन. मालक स्वतः पहिला आला की भुवया उंचावतात, तशा इथेही उंचावायला हरकत नाही. पण मागून येणारे कोर्तेझे आणि शिरोन होते, दोघेही कुणाची भीड बाळगणारे नव्हेत, आणि प्रतिस्पर्धी गाड्या त्यांच्याही मागे होत्या. सात नव्या गाड्यांतल्या तीन रांगेत पहिल्या याव्यात, एवढं सोपं यंत्र शर्यतीत सहसा मिळत नाही.

अकराशेचाच वर्ग का, याचं उत्तर त्या वर्षाच्या इटलीत आहे. पेट्रोल दुर्मीळ, टायर त्याहून दुर्मीळ. मोठ्या शर्यतींत अल्फा रोमिओची १५८ होती, दीड लिटर, सुपरचार्जरवाली, पण ती कारखान्याची गाडी. तिच्या वाटेला सामान्य माणूस जाऊच शकत नव्हता. याच वर्षी पियाज्जोने ९८ सीसीची व्हेस्पा बाजारात आणली. सगळा देश छोट्या इंजिनावर पुन्हा चालायला शिकत होता. अकराशेचं इंजिन मात्र गावोगाव होतं. फियाटच्या भंगारातून शर्यतीची गाडी करणारे गॅरेजवाले मोदेनाला होते, फोर्लीला होते, रोमला होते. स्टांग्वेलिनी, बांदिनी, जान्निनी ही त्यातली नावं. फरक असा की ते एकेक गाडी करत होते आणि दुसिओला तीच गाडी पुन्हा पुन्हा करायची होती. शर्यतीची गाडी दुकानातून विकत घ्यावी आणि रविवारी पळवावी, ही त्याची खरी कल्पना. डी४६ तीसेक झाल्या. आकडा लहान वाटतो, पण एकाच नमुन्याच्या शुद्ध शर्यती मोटारींसाठी, तेही १९४६-४७मध्ये, तो मोठा होता.

आणि दुसिओ तिथेही थांबला नाही. गाड्या एकसारख्या असतील तर शर्यत चालकांची होईल, असं त्याचं गणित. म्हणून मार्च १९४७मध्ये तो सगळा लवाजमा जहाजावर चढवून कैरोला घेऊन गेला. नाइलमधल्या गेझिरा बेटावर डी४६च डी४६शी लढल्या. अंतिम शर्यत कोर्तेझेने जिंकली. तरुण अल्बर्तो अस्कारी युद्धानंतर शर्यतीकडे परतला तो इथेच. पुढे तो दोनदा जगज्जेता झाला. या फिरत्या तमाशाचा दौरा पुढे वाढला नाही, कारण गाड्या, माणसं, जहाज, हॉटेलं, सगळा खर्च एकाच खिशातून. कल्पना मात्र दोन-तीन दशकांनी एक-नमुना मालिकांच्या रूपाने युरोपभर रुजली. दुसिओला तिचं श्रेय देणारे फारसे भेटत नाहीत. मी या पुस्तकात त्याच्यावर बरीच टीका केली आहे, तेव्हा हे श्रेय इथे नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये युद्धानंतरची पहिली मिल्ले मिलिया झाली. तिथे दोन आसनांची २०२ पळाली, इंजिन तेच अकराशे, सांगाडा तोच नळ्यांचा. उघड्या गाडीत नुव्होलारी बराच वेळ सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पावसाने इग्निशनमध्ये पाणी शिरलं, वेळ गेला आणि बियोन्देत्तीची जवळजवळ तीन लिटरची युद्धपूर्व अल्फा पहिली आली. दुसरी, तिसरी, चौथी सिसितालिया. या शर्यतीवर इतकं लिहिलं गेलंय की मी तिला अर्धंच प्रकरण दिलं आहे.

इथवर सगळं अकराशेच्या आत. आता पुढचं.

दुसिओला ग्रां प्री हवी होती. डी४६ ही विद्यार्थ्यांची गाडी, खरा मान वरच्या वर्गात, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. ऑस्ट्रियात ग्म्युंड नावाच्या खेड्यात पोर्शेचं कार्यालय युद्धानंतर तग धरून होतं. फर्डिनांड पोर्शे फ्रेंचांच्या कैदेत होते, काम मुलगा फेरी सांभाळत होता. दुसिओने त्यांना ग्रां प्रीच्या गाडीचं काम दिलं. करारातून आलेला पैसा म्हाताऱ्या पोर्शेंच्या जामिनाकडे गेला आणि ते १९४७मध्ये सुटले. इथे मध्यस्थ म्हणून कामाला आलेल्यांत कार्लो आबार्थ होता, त्याची आठवण ठेवा.

जी गाडी कागदावर उतरली ती टाइप ३६०. दीड लिटर, पण बारा सिलिंडर, सहा-सहा आडवे समोरासमोर. सुपरचार्जर. इंजिन चालकाच्या मागे. हवं तेव्हा पुढची चाकंही इंजिनाला जोडता येतील अशी सोय. एकोणीसशे सत्तेचाळीस साली हे सगळं एका गाडीत! अभियांत्रिकी म्हणून माझ्या मनात तिच्याबद्दल निखळ आदर आहे, आणि या पुस्तकातलं तिचं चित्र मुद्दाम सर्वांत मोठं छापलं आहे. पण हिशोबाच्या वहीत तिच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो. तिच्यातला एकही महत्त्वाचा तुकडा फियाटच्या गोदामात मिळत नव्हता. प्रत्येक गोष्ट आधी आखायची, मग तिच्यासाठी हत्यारं करायची, मग ती करायची, मग ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा करायची. ज्या कारखान्याची ताकद ‘जे आहे त्यातलं काय घ्यायचं’ हे ओळखण्यात होती, त्याने ‘जे कुठेच नाही ते सगळं’ करायला घेतलं. इकडे २०२चे ग्राहक दारात उभे होते आणि त्यांच्या गाड्या मागे पडत होत्या. १९४९मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. दुसिओने अर्जेंटिनाची वाट धरली, पेरोनच्या राजवटीत नवा डाव मांडायला. ३६०ही त्याच्यामागून ब्युनोस आयर्सला पोचली. ग्रां प्रीत ती कधीच पळाली नाही. आज ती स्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयात आहे.

दुसिओला अति-महत्त्वाकांक्षी म्हणून मोडीत काढणारे लेखक बरेच आहेत. मला वाटतं, महत्त्वाकांक्षेत चूक नव्हती. त्याच्याजवळ जाकोसासारखा माणूस उरला नव्हता, जो समोर बसून ‘हे करायचं नाही’ म्हणू शकला असता. पोर्शेच्या लोकांना कुणी कमी करायला सांगितलंच नाही, आणि त्यांच्यासारख्यांना कुणी सांगितलं नाही तर ते बारा सिलिंडरच करणार.

कंपनी बुडाली तेव्हा आबार्थ काही गाड्या आणि सुटे भाग घेऊन बाहेर पडला आणि त्याने स्वतःचं दुकान मांडलं. त्याने पुढे आयुष्यभर जे केलं ते मुळात डी४६चंच काम. फियाटची साधी गाडी घ्यायची, तिचं वजन कमी करायचं, इंजिनाला श्वास द्यायचा, आणि ती कुठल्याही दुकानदाराला विकायची. १० एप्रिल १९५० रोजी पालेर्मोजवळच्या माँते पेल्लेग्रिनोच्या घाटात नुव्होलारी शेवटची स्पर्धा पळाला तो सिसितालिया-आबार्थ २०४मध्ये, आणि अकराशेच्या वर्गात पहिला आला.

त्याच वर्गाची दुसरी शाखा बोलोन्याजवळ सान लाझारोत उगवली. मासेराती बंधूंनी आपली कंपनी १९३७मध्येच ओर्सी घराण्याला विकली होती. कराराची दहा वर्षं भरल्यावर एर्नेस्तो, एत्तोरे आणि बिंदो या तिघा भावांनी १९४७ साली ऑस्का काढली आणि एमटी४ बनवली, सुरुवातीला १०९२ सीसीची. १९५०च्या मिल्ले मिलियामध्ये पन्नाशी ओलांडलेल्या लुइजी फाजिओलीने ती सगळ्या गाड्यांत सातवी आणली. तिचं दीड लिटरपर्यंत वाढवलेलं रूप मार्च १९५४मध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगला, जुन्या लष्करी विमानतळाच्या काँक्रीटवर, बारा तासांच्या शर्यतीत उतरलं. समोर लॅन्सियाच्या ३.३ लिटरच्या डी२४ होत्या, त्यांत फांजिओ, अस्कारी, तारुफी. एकेक मोठी गाडी मोडत गेली. स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉइड यांची ऑस्का शेवटी ब्रेक जवळजवळ संपलेल्या अवस्थेत पहिली आली, वर्गात नव्हे, सबंध शर्यतीत. या पुस्तकात ऑस्काला एकच प्रकरण आहे. तिच्यावर वेगळं पुस्तक व्हायला हवं आणि ते मराठीत कुणीतरी लिहावं.

आता पुस्तकाबद्दल थोडी कामाची माहिती. इटालियन नावं मी उच्चाराच्या जवळ लिहिली आहेत, पण तुरिन, रोम यांसारखी आपल्याकडे रुळलेली गावं तशीच ठेवली आहेत. तांत्रिक शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत पडलो नाही. गॅरेजमध्ये जे बोलतात तेच वापरलं, म्हणून इथे क्लच आहे, टॅपेट आहे आणि ऑइल चेंबर आहे. तिसरं प्रकरण संपूर्ण चासीवर आहे. ज्यांना नळ्यांच्या त्रिकोणात रस नाही त्यांनी ते सोडून सरळ व्हालेंतिनो बागेत उतरलं तरी चालेल, फक्त नंतर ‘एवढी हलकी कशी’ असा प्रश्न पडला तर मागे यावं. मालकांची नावं, लिलावाच्या किमती आणि आज कुठली गाडी कुणाच्या गॅरेजमध्ये आहे, ही जंत्री वगळली आहे. तिच्यातून गाडी कळत नाही. अश्वशक्तीचे आकडे जिथे दोन मिळाले तिथे मी कमी असलेला धरला. विकणाऱ्याने सांगितलेली आणि बेंचवर मोजलेली अश्वशक्ती यांत त्या काळीही बरंच अंतर असायचं.